सुकटीच्या दुकानाची पारख : दोष समुद्राचा किती, पोत्याचा किती

वैनगंगेकाठच्या एका तालुक्याच्या आठवडी बाजारात मिरची-हळदीच्या रांगेमागे सुक्या मासळीची सात-आठ दुकानं लागतात. त्यातलं सर्वांत मोठं, निळ्या ताडपत्रीखालचं दुकान या परीक्षणासाठी घेतलं आहे. माल असा: बोंबील, सुकट, सोडे, मांदेली, तारली, खारा बांगडा आणि एका वेगळ्या चुंगडीत आपल्याच मामा (माजी मालगुजारी) तलावातले वाळवलेले झिंगे. माल भरपूर, तराजू इलेक्ट्रॉनिक, मालक बोलका. खटकतं ते एवढंच की मालाला कोणतंही नाव ठेवा, उत्तर ठरलेलं: "समुद्रच तापून गेला भाऊ, आता मी का करू?"

हे उत्तर साफ खोटं असतं तर सोपं होतं. पण त्यात निम्मं खरं आहे, म्हणूनच ते खपतं. अरबी समुद्र इथून आठशे किलोमीटरवर; तापला की नाही हे पाहायला जातो कोण? म्हणून एकेक जिनस हातात घेऊन, त्यातला कोणता दोष समुद्रातून आला आणि कोणता पोत्यात तयार झाला, तेवढंच इथे तपासलं आहे.

आधी बोंबील, कारण गिऱ्हाईक सर्वांत जास्त त्यालाच. ओल्या बोंबलात दहा भागांपैकी जवळजवळ नऊ भाग पाणीच असतं. साधारण सात किलो ओला बोंबील वाळला की हाती एक किलो येतो. किनाऱ्यावर दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी बांबूच्या मांडवावरच्या दोरीवर टांगतात. असा टांगून वाळलेला बोंबील ओळखायला सोपा: तोंड उघडं राहिलेलं, अंग सरळ, पोटाशी रेती नाही. जमिनीवर पसरून वाळवलेला असेल तर तो चपटा होतो, एका अंगाला डाग पडतो आणि कल्ल्यात वाळू अडकते. या दुकानात दोन्ही प्रकार एकाच पोत्यात मिसळलेले आहेत आणि भावही एकच लावतात. मागितलं तर टांगलेले निवडून देतात. मागायला लाजू नका, निम्मा फायदा तिथेच आहे.

बोंबील हातात घेऊन वाकवा. चांगला वाळलेला थोडा वाकून कडकन मोडतो. रबरासारखा दुमडला तर आत ओल आहे. परांच्या मुळाशी पांढरी भुकटी दिसली तर ती मिठाची असेल असं समजू नका, कारण बोंबील बहुतेक बिनमिठाचाच वाळवतात. ती बुरशी.

मालकाचं म्हणणं, समुद्र तापल्यामुळे बोंबील बारीक यायला लागला. हे पटत नाही. बोंबील धरतात ते डोल जाळ्यानं. हे जाळं भरती-ओहोटीच्या प्रवाहात एका जागी बांधलेलं असतं आणि त्याच्या शेपटाकडची आस (जाळीचं भोक) इतकी बारीक असते की पिल्लंही अडकतात. बारीक बोंबील दिसला तर पहिला संशय जाळ्यावर घ्यावा. उलट, चीनच्या किनाऱ्यालगत पाण्यातला ऑक्सिजन घटला तिथे बोंबील वाढल्याचं मासे-शास्त्रज्ञांनी मांडलं आहे. त्यांचा तर्क असा की जेलीफिशसारखं पाणीदार अंग असलेला हा मासा कमी ऑक्सिजनमध्ये इतरांपेक्षा जास्त टिकाव धरतो. म्हणजे बिघडत्या समुद्रात सगळेच हरतात असं नाही. काही जिंकतात, आणि बोंबील कदाचित त्यातला.

समुद्राच्या तापण्याचा फटका बोंबलाला बसतो तो पाण्याबाहेर आल्यावर, वाळवताना. वाळवणाचा मोसम पावसाळा सरल्यावर सुरू होतो आणि त्याला तीन-चार दिवस सलग कडक ऊन लागतं. चक्रीवादळाला बळ मिळतं ते साडेसव्वीस-सत्तावीस अंशांच्या वर तापलेल्या पाण्यातून. अरबी समुद्रात ही वादळं पूर्वी बंगालच्या उपसागराच्या मानानं फार कमी होत. अलीकडच्या दोन दशकांत त्यांची संख्या आणि जोर दोन्ही वाढले. 2019 च्या ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात 'क्यार' आणि 'महा' ही दोन वादळं पाठोपाठ आली. अशा वेळी मांडवावरचा माल दोन दिवस भिजला की त्याला बुरशी लागते, माश्या बसून अळ्या पडतात. मग तोच माल पुन्हा वाळवून बाजारात येतो. दुबार वाळलेला बोंबील ओळखायचा असेल तर डोक्याखाली आणि पोटाच्या पोकळीत काळपट पट्टे पाहा. त्याचा एक तुकडा कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवला की आंबूस वास सुटतो. पाऊस समुद्राकडून आला हे कबूल. पण तो माल चांगल्यात मिसळून त्याच भावात विकणं हे समुद्राचं काम नाही.

सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, थोडक्यात. भडक नारिंगी रंगाचे असतील तर चार सोडे वाटीभर पाण्यात टाकून पाहा. पाणी लगेच रंगलं तर घेऊ नका. या दुकानातले फिकट होते, पाणीही स्वच्छ राहिलं. मांदेली बरी आहे, पण काट्यांचा कंटाळा असेल त्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

आता सुकट. झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, अंबाडीच्या भाजीत घालायची म्हणून ती घरोघरी लागते. सुकट म्हणजे किनाऱ्यावरचा जवळा, बोटाच्या पेराएवढा कोळंबीचा भाऊबंद. इथे मालकाची दुसरी गोष्ट ऐकायला मिळते: समुद्राला आम्ल चढलं, जवळ्याचं कवच पातळ झालं, म्हणून सुकटीचा भुगा होतो. हे त्यानं कुठेतरी मोबाईलवर पाहिलेलं असावं. ऐकायला ते शास्त्रीय वाटतं, म्हणून जरा सावकाश तपासू.

आम्ल चढतं हे खरं. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून दरवर्षी हवेत जो कार्बन डायऑक्साईड जातो त्यातला साधारण चौथा हिस्सा समुद्र पितो. पाण्यात मिसळून त्याचं कार्बोनिक आम्ल होतं. आपल्याकडे शेतकऱ्याला मृदा आरोग्य पत्रिकेवरचा सामू (pH, आम्लता मोजायचा आकडा; तो उतरला की आम्लता वाढली) माहीत असतो. तोच सामू समुद्रालाही आहे. कारखानदारी सुरू होण्याआधी समुद्राच्या वरच्या थराचा सामू सुमारे 8.2 होता, आता तो 8.1 च्या आसपास आहे. शेताच्या मातीत एक दशांशाचा फरक कोणी मोजतही नाही. एकाच बांधावर त्याहून जास्त फरक निघतो. पण सामूची मोजपट्टी सरळ नाही, दहाच्या पटीची आहे. तिच्यावरच्या 0.1 च्या उताराचा अर्थ आम्लता देणारे हायड्रोजन आयन पंचवीस ते तीस टक्क्यांनी वाढले असा होतो. आणि हे सबंध जगाच्या समुद्रात, दोनशे वर्षांच्या आत घडलं.

मात्र 8.1 म्हणजे पाणी अजून अल्कधर्मीच आहे. 'आम्लीकरण' हा शब्द दिशा सांगतो. समुद्राचा लिंबूरस झालेला नाही, शंख त्यात विरघळून जात नाहीत. अडचण वेगळी आहे. शिंपला, प्रवाळ, शंख यांना कवच बांधायला पाण्यातला कार्बोनेट लागतो. वाढलेला हायड्रोजन हाच कार्बोनेट पकडून बसतो. घर बांधायला निघालात, विटा आहेत, गवंडी आहे, पण सिमेंट दुसऱ्यानंच उचललं, तसं ते. सर्वांत आधी मार बसतो तो शिंपल्यांच्या अळ्यांना, कारण जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच त्यांना पहिलं कवच उभं करायचं असतं. पाण्यात तरंगणाऱ्या टेरोपॉड नावाच्या इवल्या गोगलगायींना आणि प्रवाळांनाही तो बसतो. त्यातल्या प्रवाळांवर मार दुहेरी, कारण उष्णतेनं ते आधीच पांढरे पडत आहेत. लक्षद्वीपला 1998, 2010 आणि 2016 मध्ये असं मोठं पांढरेपण आलं. पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा एखादा अंश जास्त गरम राहिलं तरी प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतो, आणि त्याचं बहुतांश अन्न त्या शेवाळाकडूनच येत असतं.

जवळा या रांगेत बसत नाही. त्याच्या कवचाचा पाया कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचा आहे, चुना त्यात थोडा. प्रयोगात जास्त कार्बन डायऑक्साईडच्या पाण्यात ठेवल्यावर शिंपल्यांचं कवच कमी झालं, पण कोळंबी, खेकडा, लॉब्स्टर या जातभाईंनी कवच टिकवलं. काहींनी तर जाड केलं. त्याची किंमत ते दुसरीकडे मोजतात: अंगातली आम्लता सांभाळण्यात ताकद जाते, ती वाढीतून आणि अंड्यांतून कापली जाते. आणि पुराव्यासाठी लांब जायला नको. अंबाडीचा आंबटपणा समुद्राच्या कितीतरी पट. त्यात सुकट शिजवली तरी दाताखाली कवच येतंच.

मग भुगा कुठून? जवळा मुळात पातळ. तो पोत्यात दाबून भरला, पोत्यांवर पोती रचली, ट्रकमध्ये आठशे किलोमीटर हादरला की चुरा होणारच. पाव किलो सुकट पिठाच्या चाळणीनं चाळा. खाली दोन-तीन चमचे पडले तर ठीक. मूठभर पडला तर ते पोत्याच्या तळचं आहे. या दुकानात सकाळी वरचा माल मिळतो, दुपारी तीननंतर तळ. चाळणीखालचा भुगा ओल्या बोटावर घेऊन दातांनी चावून पाहा. करकर आली तर वाळू आहे, कारण जवळा बऱ्याचदा जमिनीवरच पसरतात.

घरी वाळू काढायची ती अशी: सुकट आधी मंद आचेवर दोन-तीन मिनिटं कोरडी भाजायची, हातावर चोळून मिशा-टोकं उडवायची, मग खोलगट गंजात (पातेल्यात) भरपूर पाण्यात टाकायची. वाळू खाली बसते. सुकट वरून हातानं उचलून घ्यायची. गंज उपडा केला की बसलेली वाळू पुन्हा तिच्यातच. असं तीन पाण्यांतून काढायचं, पण भिजत ठेवायचं नाही, नाहीतर चव पाण्यात जाते.

तारलीकडे आलं की मालकाच्या बाजूनं बोलावं लागतं. तारली सुमार आहे, थोडी आहे, महाग आहे, आणि त्यात समुद्राचा वाटा खरोखर मोठा आहे. माणसानं वातावरणात कोंडलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्रात गेली. 1951 ते 2015 या काळात उष्ण कटिबंधातला हिंदी महासागर सरासरी एक अंशानं तापला. जगाच्या समुद्राची सरासरी वाढ त्याच काळात 0.7 अंश होती. पृष्ठभाग तापला की काय होतं ते सावजीच्या रस्स्याकडे पाहून कळतं. तर्री हलकी, ती वर तरंगते; मसाला खाली बसतो. ढवळलं नाही तर वरच्या घासाला मसाला लागतच नाही. समुद्रातही गरम पाण्याचा हलका थर वर बसतो आणि खालचं थंड, खतानं भरलेलं पाणी वर यायला अडतं. वर खत नाही म्हणून प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ, कमी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये दाखवलं की पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत हे प्लवक वीस टक्क्यांपर्यंत घटलं. तारली याच प्लवकावर जगते.

केरळात 2012 साली जवळपास चार लाख टन तारली उतरली होती. 2021 मध्ये, कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मोजणीनुसार, फक्त 3,297 टन. एवढी घसरण एकट्या तापमानामुळे झाली असं मात्र म्हणता येत नाही. एल निनोची (प्रशांत महासागर तापून जगभरचं हवामान बिघडतं ती) वर्षं, खालचं पाणी वर येण्यात झालेला बिघाड आणि पिल्लं असतानाच केलेली बेसुमार धरपकड, सगळं एकत्र आलं. शिवाय तारली पूर्वी मलबारच्या किनाऱ्याची, आता उत्तरेला महाराष्ट्र-गुजरातपर्यंत आणि पूर्व किनाऱ्यावरही मिळते. त्यामुळे इथल्या पोत्यातली तारली कुठल्या किनाऱ्याची हे विचारून घ्यावं. या मालकाला ते सांगता आलं नाही. गुण इथे कापले.

बांगड्याचं थोडं निराळं. हा वरच्या थरात फिरणारा मासा, पण आता तळाशी ओढायच्या ट्रॉल जाळ्यांत पूर्वीपेक्षा जास्त सापडतो. वरचं पाणी तापलं तसा तो खाली उतरला असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. उतरायलाही मर्यादा आहे, कारण अरबी समुद्रात साधारण शंभर-दीडशे मीटरखाली ऑक्सिजन जवळपास संपलेला एक जाड पट्टाच आहे. वरून ऊन, खालून गुदमर.

पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, हे तलावालाही लागू आहे, म्हणून त्या वेगळ्या चुंगडीतल्या झिंग्यांबद्दल दोन वाक्यं. गोड्या पाण्यात 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसात. मे महिन्यात उथळ मामा तलावात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात ते त्यामुळेही. हे झिंगे मात्र दुकानातला सर्वांत ताजा माल आहेत, दरही वाजवी. ढिवर (मासेमार समाजाच्या) बायांकडून थेट येतात, मधे ट्रक नाही.

तारली-बांगडा घेताना सर्वांत महत्त्वाची खबरदारी हिस्टामिनची. या जातीचे मासे पकडल्यावर बर्फाविना उन्हात पडून राहिले की जिवाणू त्यांच्या अंगात हिस्टामिन हा ॲलर्जीसारखा त्रास देणारा पदार्थ तयार करतात. हवा आणि पाणी जितकं गरम तितकं ते लवकर. नंतर मीठ लावा, वाळवा, तळा किंवा कुकरला शिजवा, ते जात नाही. वासानंही नेहमी कळत नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांपासून तास-दोन तासांत तोंड लाल होणं, खाज, डोकेदुखी, छातीत धडधड सुरू होते. पहिल्याच घासाला जीभ मिरपुडीसारखी चुरचुरली तर ताट बाजूला ठेवा. श्वासाला त्रास झाला तर घरगुती उपाय न करता दवाखाना. खाऱ्या बांगड्यावर गुलाबी-लाल चट्टे दिसले तर ते मिठातच वाढणारे जिवाणू आहेत. पुसून विकलेला माल कल्ल्याच्या आत पाहिला की उघडा पडतो. इथे पाहिलेल्या बांगड्यांपैकी काहींच्या कल्ल्यात लाली होती. तेवढ्यासाठी खारा बांगडा या दुकानातून घेऊ नये.

राहिला पोत्यांचा कारभार, आणि समुद्राच्या नावावर सर्वांत जास्त जे खपवलं जातं ते इथलंच. नवतप्यात (मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत) पारा पंचेचाळिसावर, त्यावर ताडपत्री, त्याखाली उघडं तोंड असलेलं ज्यूटचं पोतं. तेलकट मासा अशा उष्णतेत खवट होतो. तारलीच्या अंगावर तांबूस-पिवळा थर येतो आणि जुन्या तेलाच्या डब्यासारखा वास सुटतो. बोंबील-सुकट तेलकट नसल्यानं उन्हाळा काढतात, पण पावसाळ्यात हवेतली ओल ओढून नरम पडतात. मग तपकिरी, केसाळ अळी लागते. तिनं टाकलेल्या कातींची भुकटी पोत्याच्या शिवणीत सापडते. शिवण उलटून पाहा. काही ठिकाणी अळीवर कीटकनाशक मारतात, ते धुऊन जात नाही. या दुकानात तसा वास आढळला नाही.

ओलीचा हिशेब घरच्या काट्यावर होतो. 100 ग्रॅम बोंबील तुकडे करून जाळीखाली सकाळी दहा ते चार उन्हात ठेवा आणि पुन्हा तोला. 95 च्या वर राहिला तर माल कोरडा. समजा किलोला 600 भाव लावला आणि 82 ग्रॅम उरला, तर खरा भाव 600 भागिले 0.82, म्हणजे 732 रुपये पडला. वरचे पैसे पाण्याचे. भाव दर आठवड्याला हलतो, म्हणून इथे आकडा देत नाही. दुकानादुकानांची तुलना या हिशेबानंच करावी.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, तेव्हा पावसाळ्यात 'नवीन माल आला' असं सांगितलं तर हसून पुढे जा. वर्षाची बोंबील-सुकट डिसेंबर ते फेब्रुवारीत घ्यावी, एक दिवस कडक ऊन दाखवावं, पूर्ण थंड झाल्यावरच पत्र्याच्या डब्यात भरावी. गरम भरली की झाकणाला घाम येतो आणि तिथूनच बुरशी धरते. तारली घ्यायचीच असेल तर महिनाभर पुरेल एवढीच, फ्रीजरमध्ये.

पाचपैकी गुण: झिंगे साडेचार, बोंबील निवडून घेतल्यास चार, सुकट सकाळी साडेतीन आणि दुपारी दोन, तारली दोन, खारा बांगडा शून्य. मालकाला 'खालचं दाखवा' म्हटलं तर तो कुरकुरत का होईना, पोत्यात कोपरापर्यंत हात घालून दाखवतो. तोलायच्या आधी रिकामी पिशवी तराजूवर ठेवून आकडा शून्य करून घ्या. जाड पिशवी इथे मालाच्या भावात जाते.